शाब्दिक उदाहरणे आणि दोन समीकरणे : माझा अनुभव

दोन चलांतील रेषीय समीकरणे हे दहावीच्या गणित भाग १ मधील पहिलेच प्रकरण असल्यामुळे, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायचे ठरवल्यावर माझी गाठ सर्वप्रथम त्याच्याशीच पडली. समीकरणांची जोडी आयती समोर असली की ती सोडवणे मला जड जात नसे; एका चलाचा लोप करावा, दुसऱ्याची किंमत काढावी आणि ती परत ठेवावी, एवढेच ते काम. घोडे अडत असे ते शाब्दिक उदाहरणांपाशी. चार ओळींचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचूनही कोणते वाक्य कोठे मांडायचे हे उमगत नसे, आणि उत्तर उघडून पाहिले तर ‘मानू’ या शब्दानंतरचे सारे काही जणू आपोआप घडलेले दिसे.

वाट सापडली ती कामाच्या ठिकाणी. मी पंचवटीत एका आडतीच्या गाळ्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहिते. पट्टीवर नगांचा रकाना वेगळा आणि रकमेचा वेगळा असतो, दोन्हींच्या बेरजा स्वतंत्रपणे खाली येतात, आणि क्रेटच्या संख्येत रुपये मिळवण्याचा विचार कोणाच्या मनातही येत नाही. उदाहरणातही हेच पाळायचे आहे असे ध्यानात आल्यावर मी स्वतःच एक उदाहरण रचले. एका शेतकऱ्याने टोमॅटोचे ५० क्रेट आणले. पहिल्या प्रतीचा क्रेट ३०० रुपयांना आणि दुसऱ्या प्रतीचा १८० रुपयांना गेला. हमाली, तोलाई वजा होण्यापूर्वीची रक्कम १२,६०० रुपये झाली. तर प्रत्येक प्रतीचे क्रेट किती? नगांच्या रकान्यातून क्ष + य = ५० मिळते, रकमेच्या रकान्यातून ३००क्ष + १८०य = १२,६००. दुसऱ्या समीकरणाला ६० ने भागले की ५क्ष + ३य = २१० होते, त्यातून पहिल्याची तिप्पट वजा केली की २क्ष = ६० उरते, आणि पहिल्या प्रतीचे ३०, दुसऱ्या प्रतीचे २० क्रेट निघतात.

यात मी सर्वांत जास्त वेळ ‘मानू’च्या ओळीला देऊ लागले. ‘पहिली प्रत क्ष मानू’ असे लिहिले तर क्ष म्हणजे संख्या, दर की वजन, हे दोन ओळींनंतर आपल्यालाच सांगता येत नाही. ‘पहिल्या प्रतीच्या क्रेटची संख्या क्ष मानू’ असे पूर्ण लिहिले की पुढचा निम्मा गोंधळ मिटतो. ताळाही समीकरणात किमती ठेवून न करता मूळ वाक्यांवर करावा, कारण समीकरणच चुकीचे मांडले गेले असेल तर त्यातून निघालेल्या किमती त्याच समीकरणात बिनबोभाट बसतात.

अंकांच्या उदाहरणांत एकच गोष्ट लक्षात ठेवायची : दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असेल तर संख्या १०क्ष + य होते, क्ष × य नव्हे.

नावेच्या उदाहरणांनी मात्र बराच घाम काढला. संथ पाण्यात नावेचा वेग क्ष आणि प्रवाहाचा य मानला, की प्रवाहाच्या दिशेने वेग क्ष + य, विरुद्ध दिशेने क्ष − य, इथवर ठीक. पण वेळ काढताना हे वेग छेदात जातात आणि समीकरण रेषीय राहत नाही. विरुद्ध दिशेने २० व दिशेने ३० किलोमीटर जाण्यास ७ तास, आणि विरुद्ध दिशेने १० व दिशेने ४० किलोमीटर जाण्यास ६ तास लागत असतील, तर १/(क्ष − य) ला म आणि १/(क्ष + य) ला न म्हणावे; मग २०म + ३०न = ७ आणि १०म + ४०न = ६ ही साधी जोडी उरते. म = १/५, न = १/१०, म्हणजे वेग ताशी ५ आणि १० किलोमीटर, नावेचा स्वतःचा ७.५ आणि प्रवाहाचा २.५. उत्तरात अपूर्णांक आला म्हणून ते खोडण्याचे कारण नसते. (गंगापूर धरणातून पाणी सुटल्यावर गोदापात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते पाहणाऱ्या आम्हा नाशिककरांना दोन्ही फेऱ्यांत तोच राहणारा प्रवाह जरा संशयास्पद वाटतो, पण उदाहरणात तो गृहीत धरावाच लागतो.)

सर्वांत रमले ते नवव्या शतकातील गणिती महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथातील एका उदाहरणात. ९ महाळुंगे आणि ७ कवठे यांची किंमत १०७, तर ७ महाळुंगे आणि ९ कवठे यांची १०१. सहगुणकांची अदलाबदल दिसली की लोपाच्या खटाटोपात पडूच नये : एका महाळुंगाची किंमत क्ष आणि एका कवठाची य मानली, की बेरजेने क्ष + य = १३, वजाबाकीने क्ष − य = ३, आणि महाळुंग ८ चे, कवठ ५ चे. हेच दुसरे वाक्य ‘१८ महाळुंगे आणि १४ कवठे यांची किंमत २१४’ असे असते, तर पहिल्याचीच दुप्पट झाली असती आणि एकेका फळाची किंमत काढता आली नसती. क्रेमरच्या पद्धतीत हे लगेच उघडे पडते, कारण तिथे निश्चयक, म्हणजे सहगुणकांच्या तिरकस गुणाकारांची वजाबाकी, शून्य येतो. गॅब्रिएल क्रेमर या स्विस गणितीने १७५० मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत सहगुणक मोठे असले की सोयीची. क्रेटच्या उदाहरणाला ती लावणे मला उगाच पाल्हाळ वाटते.

मार्चच्या पेपरात नावेचे उदाहरण आले नाही. दोन अंकी संख्येचे आले, ते सुटले, आणि शेवटी ताळाही उत्तरपत्रिकेत लिहिण्याइतका वेळ हाताशी उरला.