पहिला विसावा फकिराच्या दारात

तुकोबांच्या पालखीसोबत चाललो, पहिलीच वारी माझी. देहूत इनामदार वाड्यातला मुक्काम झाला, सकाळी पालखी निघाली आणि टाळ जरा कुठे जुळतायत तोवर थांबलीच. मला वाटलं पुढे ट्रॅफिक असेल, तर शेजारचे आजोबा म्हणाले, अरे अनगडशहा बाबांचा दर्गा आला, पहिली अभंग आरती इथंच असते. म्हणजे पंढरीची वाट धरली की देहूची वेस सुटता सुटता पहिलं थांबायचं ते फकिराच्या दारात. मी पिंपरीत वाढलो तरी हे मला माहीत नव्हतं, त्याचं फार वाईट वाटलं.

पुढे चिंचोलीपर्यंत आजोबा त्याच गोष्टी सांगत होते. अनगडशहाचा कटोरा म्हणे कुणाच्या दानानं भरतच नव्हता, तो तुकोबांच्या दारी आला, त्यांच्या लेकीनं चिमूटभर पीठ घातलं आणि कटोरा भरून सांडला. आणि तुकोबांच्या वह्या ज्यांच्यामुळे इंद्रायणीत गेल्या त्या वाघोलीच्या रामेश्वर भटांनी ह्याच फकिराच्या विहिरीत अंघोळ केली, तेव्हा शापानं अंगाचा दाह सुरू झाला, आळंदीला जाऊन बसले तरी थांबेना, शेवटी तुकोबांच्याच अभंगानं शमला. आजोबा हे असं सांगत होते जणू कालच घडलंय.

फकिराच्या अशा जागेला तकिया म्हणतात. एखादं मोठं झाड, आड, साधी पडवी, आलेल्यानं पाणी प्यावं, पाठ टेकावी. नारायण महाराजांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला तेव्हा ना दिंडीमागे ट्रक होते ना टँकर, मग पावसात सापडलेला वारकरी कुठे शिरत असेल? देऊळ, धर्मशाळा, नाहीतर असा एखादा तकियाच की.

हे नुसतं डोक्यात होतं, ते उंडवडीच्या अलीकडे अंगावर आलं. आम्ही आठ-दहा जण दिंडीच्या मागे पडलो होतो, माझ्या दोन्ही टाचांना फोड, त्यात असा पाऊस आला की समोरचं दिसेना. रस्त्याच्या कडेला पत्र्याची पडवी असलेला छोटासा दर्गा दिसला पण आम्ही बाहेरच घुटमळत उभे, आत जावं की नको. आतून एक म्हातारे चाचा ओरडले, "माउली, भिजताय कशाला, या की आत!"

आमच्यातल्या मावशींच्या डोक्यावर तुळशीवृंदावन होतं, दिवसभर त्यांनी ते जमिनीला लागू दिलं नव्हतं आणि आता हात थरथरत होते. चाचांनी ते बघितलं, काही विचारलं नाही, आत जाऊन लाकडी पाट आणला, खांद्यावरच्या पंचानं तो नीट पुसला, पुसलेला पुन्हा एकदा पुसला आणि भिंतीशी कोरड्या जागी मांडला. "ठेवा इथं," म्हणाले. मावशींनी तुळस टेकवली आणि तिथंच त्यांना रडू फुटलं, मलाही आवरलं नाही खरं सांगतो.

चाचांच्या घरून काळा चहा आला, माझ्या टाचांसाठी कोमट पाणी आणि हळद-तेल आलं. संध्याकाळ झाली तरी पाऊस थांबेना, हरिपाठाची वेळ झाली, पण आम्ही एकमेकांकडे बघत गप्प. तेव्हा चाचाच म्हणाले, "थांबलात का, म्हणा की हरिपाठ, माझी नमाज झाली." आत मजारीवरची हिरवी चादर, लोबानाचा वास, पत्र्यावर पाऊस आणि आमचे टाळ. चाचा चौकटीला टेकून डोळे मिटून बसले होते, एका हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती.

रात्री तिथंच पडवीत झोपलो. पहाटे पाऊस उघडला, जाग आली तर चाचा तांब्या घेऊन वृंदावनापाशी उभे होते, मावशींना विचारत होते, "घालू का थोडं पाणी? दिवसभर उन्हात चालायचंय तिला."