काजरीला जाताना काजळाची डबी

नागद्वार म्हणजे मध्य प्रदेशात पचमढीच्या डोंगरातली नागदेवाची यात्रा. तिची तारीख आपल्या सोयीने ठरत नाही. हा सगळा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो, त्यामुळे वाट वर्षभर बंद असते. नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस तेवढी ती मोकळी होते. वाट उघडते तेव्हा आपल्या पंचांगात अजून आषाढच चालू असतो, मध्य प्रदेशात मात्र श्रावण लागलेला असतो. पाऊस दोन्ही पंचांगांना जुमानत नाही. पचमढीच्या डोंगरात तो दिवसाला चार वेळा उघडतो आणि पाच वेळा येतो.

आमच्याकडे अमरावती जिल्ह्यात घरटी एक तरी माणूस 'मोठ्या महादेवाला' जाऊन आलेला असतो. मोठा महादेव म्हणजे पचमढीच. शिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढायचा आणि पावसाळ्यात नागद्वार करायचं, या दोन्ही यात्रा मध्य प्रदेशातल्या, पण गर्दी बघाल तर अर्धा विदर्भ. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली अशी गावं लागतात. सौंसरपर्यंत दुकानदार मराठी बोलतो. पुढे तो हिंदी बोलतो आणि आपली माणसं वऱ्हाडीच रेटतात. कोणाचं काही अडत नाही.

मी गेले ती गावच्या मंडळाबरोबर. पुढे भगत, त्याच्या हातात झेंडा, मागे आम्ही बायाबापडे, आणि सगळ्यांत शेवटी आजी. ही आजी नात्याने माझी कोणी नाही, पण गावात तिला दुसरं काही म्हणत नाहीत. सत्तरी ओलांडलेली, अंगावर नऊवारी, पायात प्लास्टिकचे बूट, डोक्यावरून मेनकापडाची खोळ. ती शेवटी चालायची ते दमायची म्हणून नव्हे, मागे कोणी राहू नये म्हणून.

"काऊन वं मास्तरीणबाई, दमली का?"

"नाही आजी, श्वास घेते जरा."

"घे मंग. आतापासून काऊन दमतं? चढ त अजून लागाचाच हाये."

जलगलीला जीप सोडते आणि चालणं सुरू होतं. अंतर आकड्यात फार वाटत नाही, पण तो आकडा सपाटीचा नाही. एक डोंगर उतरायचा, नाला ओलांडायचा, दुसरा चढायचा, असे सात पहाड म्हणतात. सगळी ठिकाणं करून परतायला दोन दिवस धरावे लागतात. पायाखाली लाल-पिवळा वालुकाश्म. ओला झाला की त्यावर शेवाळाचा पातळ थर येतो आणि तो दिसत नाही, पाय गेल्यावरच कळतो. उभ्या कड्याला लोखंडी शिड्या लावल्या आहेत. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर समोरासमोर येतात, तेव्हा भक्तिभाव थोडा बाजूला ठेवून आवाज चढवावा लागतो. कोणीतरी 'हर हर महादेव' म्हणतं आणि भांडण मिटतं. तसा नियमच आहे म्हणा ना.

वाटेत मंडप आहेत. विदर्भातल्या मंडळांनी सामान डोक्यावरून वाहून आणून ते उभे केलेले असतात. चहा, पोहे, आलूवांग्याची भाजी, भात. पैसे घेत नाहीत. रात्री तिथेच ताडपत्रीखाली अंग टाकायचं. बाजूला ढोलकी-टाळावर नागदेवाची गाणी चालू असतात आणि झोप कधी लागते ते कळत नाही.

पण मला सांगायचं आहे ते काजरीबद्दल.

यात्रेचं मुख्य ठाणं पद्मशेषाची गुहा. सगळ्यांची घाई तिकडे. वाटा दोन-तीन आहेत, आमच्या भगताने काजरी आधी घेतली. काजरी हे जंगलातलं एक वनग्राम. त्या गावच्या, काजरी याच नावाच्या बाईची गोष्ट प्रत्येक मंडळ थोडी वेगळी सांगतं. आजीची अशी: काजरीला मूल नव्हतं. तिने नागदेवाला नवस केला, पोटी लेकरू दे, तुझ्या डोळ्यांत काजळ घालीन. लेकरू झालं. मग ती नवस फेडायला काजळ घेऊन आली आणि नागाला हाक मारली. नाग आला तो आपल्या खऱ्या रूपात, डोंगराएवढा. डोळ्यांपर्यंत हात पोचणार कसा? काजरीने ते रूप पाहिलं आणि तिथेच तिचा जीव गेला.

म्हणजे नवस अर्धाच राहिला. तो आता येणारी-जाणारी माणसं फेडतात. पद्मशेषाच्या गुहेतल्या शिवलिंगाला काजळ लावलं की मनातलं होतं, अशी श्रद्धा आहे. आमच्याबरोबर गावातली एक सून होती, लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली. तिच्या पिशवीत निंबू, नारळ, उदबत्त्या आणि काजळाची एक डबी. पितळी, झाकणाला मोर असलेली, बहुधा माहेरची. पावसाने भिजू नये म्हणून ती डबी तिने प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ब्लाउजमध्ये ठेवली होती. शिडीवर सुद्धा तिचा एक हात छातीशी होता. मी दोनदा ओरडले, दोन्ही हातांनी धर म्हणून. तिने ऐकलं नाही.

काजरीला पोचलो तर तिथे भव्य असं काही नाही. शेंदूर, झेंडे, नारळाच्या शेंड्यांचा ढीग, ओल्या धुराचा वास. पुरुष मंडळींनी हात जोडले आणि पुढे निघाली. बायका मात्र बसल्या. कोणी ओटीचे तांदूळ काढले, कोणी हळदकुंकू. मी तिथे बसून विचार करत होते की नागाच्या आपल्या सगळ्या गोष्टींत मधली बोलणी करायला बाईच का लागते.

आपली नागपंचमीची कहाणी आठवा. शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिल्लं मरतात. ती चिडून सगळ्या घराला दंश करते, मग दुसऱ्या गावी दिलेल्या त्याच्या लेकीला मारायला निघते. तिथे जाऊन बघते तर लेक पाटावर नागनागिणीचं चित्र काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवते आहे. नागीण शांत होते, अमृत देते, माहेरची माणसं उठून बसतात. दुसऱ्या कहाणीत धाकट्या सुनेला माहेर नसतं, तर शेषनाग मामा होऊन तिला न्यायला येतो. तिच्या हातून दिवा पडून नागाच्या पिल्लांची शेपटं जळतात, आणि पुढे ती त्या पिल्लांना भाऊ मानून त्यांचं चांगलं चिंतते म्हणून वाचते. पंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपवास धरतात तो याच नात्याने.

नोकरीच्या सुरुवातीला मी गडचिरोलीत मुलचेऱ्याकडे होते. तिथे पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत. श्रावणात त्यांच्याकडे मनसादेवीची पूजा होते, निवडुंगाची फांदी लावलेला घट मांडून. शाळेतल्या पोरांच्या आयांनी मला चांद सौदागराची गोष्ट सांगितली होती. तो शिवाचा भक्त, मनसेला फूल वाहायला तयार नाही. ती त्याची सहा मुलं मारते. सातवा लखिंदर, त्याच्यासाठी लोखंडाची खोली बांधतात, तरी पहिल्याच रात्री साप आत शिरतो. त्याची बायको बेहुला नवऱ्याचं प्रेत केळीच्या तराफ्यावर घेऊन नदीने निघते, देवांपर्यंत पोचते आणि त्याला परत आणते. शेवटी सासरा मनसेला फूल वाहतो, पण डाव्या हाताने, तोंड फिरवून. मला तो डावा हात फार आवडला होता. देवी तेवढ्यावरही खूष होते, हे त्याहून जास्त.

ही मनसा म्हणजे वासुकीची बहीण, जरत्कारू ऋषीची बायको आणि आस्तिकाची आई, असं बंगालात मानतात. आणि आस्तिकाला आपण ओळखतोच. जनमेजयाचं सर्पसत्र त्याने थांबवलं. आमच्याकडे रानात साप दिसला की म्हातारी माणसं अजून 'आस्तिक, आस्तिक' म्हणतात. नाव लेकाचं घेतात, आईचं कोणाच्या ओठावर येत नाही.

तर शेतकऱ्याची लेक वाचली, धाकटी सून वाचली, बेहुला नवऱ्याला घेऊन परतली. या सगळ्यांत एकट्या काजरीलाच जमलं नाही. भ्यायली आणि गेली. तरी पूजा तिच्या गावात होते आणि यात्रा तिच्या काजळावर चालते. मी हे आजीला बोलून दाखवलं. आजी ओटीचे तांदूळ पदरातून झटकत म्हणाली, "भ्याली म्हनूनच त आपल्यातली हाये ना वं ते. न भेनाऱ्या बायका काय, पोथीत रायतात."

पुढच्या वाटेत बांबूच्या झुडपाशी रांग अचानक थांबली. पुढून कुजबुज मागे आली. डोक्याच्या उंचीवर, वाटेपासून हातभर आत, एक हिरवागार साप फांदीवर पडून होता. त्रिकोणी डोकं, पिवळसर पोट, पानांतून वेगळा काढायला डोळ्यांना वेळ लागला. चापडा. विषारी, पण सुस्त, छेडला नाही तर जागचा हलत नाही. एका पोराने मोबाईल पुढे केला तर भगताने त्याचा हात खाली दाबला. "दर्शन झालं ना? मंग चाल." आजी 'आस्तिक, आस्तिक' पुटपुटली आणि आमच्यापैकी प्रत्येकीला हाताला धरून झुडपाच्या पलीकडून काढलं. यात्रेत साप चावत नाही असं सगळे म्हणतात. तरी तिने वाट बदलली. मला ही श्रद्धा पटते, जिच्यात पाऊल बघून टाकलेलं चालतं.

पद्मशेषाच्या गुहेपाशी रांग लांब होती आणि पाऊसही होता. आत वाकून जायचं. भिंती पाझरतात, पायाखाली पाणी, निंबू आणि फुलांचा चिखल. उदबत्तीच्या धुराने डोळे चुरचुरतात. आमच्या सुनेने पिशव्या सोडल्या, डबी उघडली. इतका जीव लावून आणलेलं काजळ अंगाच्या उबेने पातळ झालं होतं. तिने अनामिकेचं टोक बुडवून पिंडीला बोट लावलं, तर ओल्या दगडावर ते धरेना, ओघळून खाली आलं. तिने पदराने दगड पुसला आणि पुन्हा लावलं. पुन्हा ओघळलं. मागची रांग ओरडायला लागली, सेवेकरी 'चला, चला' करत होता. आजी मधे आडवी उभी राहिली. "घाई कराची नाही. लावू दे तिले." तिसऱ्यांदा काजळाचा बारीक ठिपका राहिला. सुनेने उरलेलं बोट स्वतःच्या कानामागे पुसलं आणि बाहेर आली. तिने काय मागितलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कोणी विचारलं नाही. मूल होत नाही म्हणून बाईनेच डोंगर चढायचा, नवरा खाली पचमढीत जीपवाल्याशी भाव करत बसलेला, याचा राग मला तिथेच आला होता. मी तो आजीजवळ काढला तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या साली त्यालेच आनू. काजळ तो लावन." आणि तसं तिने पचमढीला पोचल्यावर त्याला खरंच सुनावलं, चारचौघांत.

स्वर्गद्वार, चिंतामण, चित्रशाला, नंदीगड ही बाकीची ठिकाणंही झाली. त्यांचं वर्णन करत नाही, त्या वेळी लक्ष गुडघ्यांकडे होतं.

एक गोष्ट मात्र खटकली ती लिहिते. वाट दहाच दिवस उघडते, पण त्या दहा दिवसांत पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, फाटकी मेनकापडं यांनी नाले भरतात. वाघाचं जंगल, नागाचं ठाणं, आणि आपण तिथे हे वाहून येतो. काही मंडळं परतताना पोती भरून कचरा खाली आणतात. आमच्या भगताने प्रत्येकाच्या हातात एकेक पिशवी दिली होती आणि खाली आल्यावर ती तपासली. रिकामी आणणाऱ्याला चहा नाही. आजीची पिशवी सगळ्यांत जड होती, पण तिच्यात अर्ध्या बाटल्या नव्या होत्या. घरी तेल ठेवायला चांगल्या म्हणून तिने त्या धुऊन घेतल्या होत्या.

गाडी छिंदवाड्याच्या पुढे आली तशी मोबाईलला रेंज आली. दुसऱ्या दिवशी पंचमी. आजीने माझ्याकडून घरी फोन लावून घेतला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला सूचना दिल्या: तवा चुलीवर ठेवायचा नाही, विळ्याला हात लावायचा नाही, कानोले उकडायचे, गूळ डब्यात आहे तो जुना आधी संपवायचा. पलीकडून सून काहीतरी म्हणाली. आजीने फोन कानापासून दूर धरला आणि मला विचारलं, "गॅसवर तवा ठेवला त चालते का म्हन्ते. काय सांगू वं इले?"