वाइल्डफ्लायची इमेज: डेटासोर्स आत, पासवर्ड बाहेर

वाइल्डफ्लाय या जावा ॲप्लिकेशन सर्व्हरच्या कंटेनर इमेजचं (सर्व्हर आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या साच्याचं) काम या आठवड्यात चांगलंच पुढे सरकलं. तीच इमेज आता लॅपटॉपवर आणि घरच्या सर्व्हरवर काहीही न बदलता चालते. मला हेच हवं होतं.

स्टँडअलोन डॉट एक्सएमएल ही सर्व्हरची अख्खी कॉन्फिगरेशन फाइल इमेजमध्ये कॉपी करणं सोपं, पण मी त्या वाटेला गेलो नाही. आवृत्ती बदलली की त्या फाइलमधले स्कीमाही (रचनेचे नियम) बदलतात आणि जुनी-नवी फाइल ताडून बघत बसावं लागतं. त्यापेक्षा सीएलआय (सर्व्हरला आज्ञा देण्याचं कमांड-लाइन साधन) स्क्रिप्ट कितीतरी बरी. बिल्डमध्येच एम्बेड-सर्व्हर म्हणायचं (म्हणजे सर्व्हर सीएलआयच्या आतच उठतो), पोस्टग्रेस डेटाबेसचा ड्रायव्हर नोंदवायचा, डेटासोर्स (डेटाबेसशी जोडणीची नोंद) जोडायचा, की झालं. होस्ट आणि पासवर्डच्या जागी फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची नावं ठेवली. ती इमेजमध्ये जशीच्या तशी राहतात, खऱ्या व्हॅल्यू कंटेनर उठताना भरल्या जातात.

एवढं करूनही पहिल्यांदा कंटेनर उठेना. लॉगमध्ये डब्ल्यूएफएलवायसीटीएल0056, 'कुड नॉट रिनेम'. हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. सीएलआय चालली की कॉन्फिगरेशन फोल्डरमध्ये 'स्टँडअलोन_एक्सएमएल_हिस्टरी' तयार होतं, आणि त्यात 'करंट'. पुढच्या वेळी सुरू होताना सर्व्हर या 'करंट'चं नाव बदलायला जातो. पण तोवर ते इमेजच्या खालच्या लेअरमध्ये (बिल्डच्या आधीच्या पायरीत बनलेल्या थरात) गेलेलं असतं, आणि तिथल्या फोल्डरचं नाव बदलायला ओव्हरलेएफएस (हे थर एकत्र करून दाखवणारी फाइल सिस्टीम) सहसा नकार देतं. म्हणून डॉकरफाइलमधल्या (इमेज बांधायच्या सूचनांच्या फाइलमधल्या) ज्या रन ओळीत सीएलआय चालते, त्याच ओळीच्या शेवटी हिस्टरीचं फोल्डर उडवायचं. तेवढं केलं आणि सर्व्हर सुरळीत उठला.

मेमरीचंही बघून ठेवा. कंटेनरला 2 जीबी दिले तरी हीप (जावा ॲपची कामाची मेमरी) 512 एमबीच्या वर जात नाही, कारण स्टँडअलोन डॉट कॉन्फमध्ये तसं लिहिलेलंच आहे. जावाचे सगळे पर्याय देणारं जावा_ऑप्ट्स हे व्हेरिएबल सेट केलं तर त्यासोबत आयपीव्ही4 वगैरेचे बाकीचे डिफॉल्टही निघून जातात. जेबॉस_जावा_सायझिंग वापरलं की फक्त मेमरीचे आकडे बदलतात. तिथे मॅक्सरॅमपर्सेंटेज (कंटेनरच्या मेमरीपैकी हीपला जास्तीत जास्त किती टक्के) 70 ठेवलंय.

आता गॅलिऑन (हवे तेवढेच भाग घेऊन वाइल्डफ्लाय बांधायचं साधन) हाती घेतोय. माझ्या ॲपला रेस्ट (वेब एपीआय) आणि डेटासोर्स एवढंच लागतं, मेसेजिंग आणि ईजेबी (एंटरप्राइझ जावा बीन्स) आत ठेवायचं कारण नाही. गॅलिऑनचे तेवढेच लेअर (इथे सुविधांचे गट, इमेजचे थर नव्हेत) घेऊन सर्व्हर बांधायचा आणि इमेजचा आकार किती उतरतो ते मोजायचं.