तक्रारदाराला प्रत नाही

"मॅडम, मी खोटं बोललो नव्हतो, एवढं तरी लिहिलंय ना त्यात?" असे, पोलीस खात्यातल्या ज्या विभागीय चौकशीत मी चौकशी अधिकारी होते तिच्या अहवालाविषयी तक्रारदार वॉचमन काकांनी विचारले, मी "हो, लिहिलंय" म्हणाले, आणि ते दिवा स्टेशनला जाणारी स्लो गाडी पकडायला निघून गेले. घडले ते एवढेच. त्यांनी शिक्षेविषयी विचारले नव्हते असे नाही. ते त्यांनी आधीच विचारले होते, आणि "कारवाई झाली आहे, तपशील मला सांगता येत नाही" हे माझे उत्तर निमूटपणे ऐकूनही घेतले होते. त्या उत्तराचे त्यांना नवल वाटले नाही. दुसरा प्रश्न विचारताना मात्र त्यांचा आवाज खाली गेला. जेवणे आटोपली, उद्याचा बंदोबस्त वाचून झाला, तरी तो आवाज कानातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

नावे, ठाणे, तारखा लिहीत नाही. शिक्षा कोणती झाली तेही इथे लिहिणार नाही, कारण जे त्या माणसाला सांगता आले नाही ते इतरांना सांगण्याचा मला अधिकार नाही.

प्रकरण तसे लहान होते. रविवारची संध्याकाळ, सोसायटीचे फाटक, टी-शर्ट आणि हाफ पँटमधला एक पोलीस उपनिरीक्षक, आणि "साहेब, पाहुण्यांच्या वहीत गाडीचा नंबर लिहा" म्हणणारा वॉचमन. शब्दाने शब्द वाढला, चापट बसली, आणि नंतर पाकिटातून ओळखपत्र निघाले. हा क्रम मी निष्कर्ष लिहिताना पुन्हा पुन्हा तपासला होता, कारण सगळे त्या क्रमातच होते. आधी चापट, मग ओळखपत्र. नुसती चापट असती तर ते दोन माणसांचे रस्त्यावरचे भांडण ठरले असते आणि विभागाला त्यात पडण्याचे कारण कमी उरले असते. परंतु ओळखपत्र बाहेर आले ते मारलेल्याला उलट काही बोलता येऊ नये म्हणून, आणि त्या क्षणी हाफ पँटमधला तो माणूस सुट्टीवरचा नागरिक राहिला नाही.

बचावाच्या निवेदनात मात्र हेच ठळकपणे मांडलेले होते: सदर दिवशी मी साप्ताहिक सुट्टीवर असून साध्या वेशात होतो, घडलेला प्रकार पूर्णतः खाजगी स्वरूपाचा आहे. हा बचाव आमच्या खात्यात नवा नाही आणि तो मांडणारा प्रत्येक जण खोटारडा असतो असेही मी म्हणणार नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ प्रमाणे रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस अधिकारी त्या कायद्याच्या सर्व प्रयोजनांसाठी नेहमीच कर्तव्यावर असल्याचे मानले जाते, आणि साप्ताहिक सुट्टी म्हणजे रजा नव्हे. शिवाय १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतला तिसरा नियम, शासकीय कर्मचाऱ्याला अशोभनीय ठरेल असे काहीही करू नये असे सांगताना, घड्याळाकडे पाहत नाही. मी हे दोन्ही लिहिले आणि दोषारोप सिद्ध होतो असा निष्कर्ष दिला. सोसायटीच्या कॅमेऱ्यातले चित्रण तोवर पुसले गेले होते, इस्त्रीवाल्याने काही पाहिले नव्हते, आणि उरली होती ती काकांची साक्ष व दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका आजींची, ज्या गुडघे दुखत असतानाही बेस्टच्या बसने आल्या आणि "मी गॅलरीत होते, मला दिसलं" एवढे सांगून पाणीसुद्धा न पिता गेल्या. फौजदारी खटल्यात निःसंशय पुरावा लागतो. विभागीय चौकशीत संभाव्यतेचे पारडे कुणीकडे झुकते ते पाहायचे असते. इथे ते झुकले होते.

काकांच्या त्या प्रश्नाचे मूळ उलटतपासणीत आहे, असे मला आता वाटते. उपनिरीक्षकांची बाजू मांडणाऱ्या बचाव सहायकांनी विचारले, "चापट कोणत्या गालावर बसली?" काकांचा हात आपोआप वर गेला, गालापर्यंत पोहोचण्याआधीच थबकला, त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "डाव्या." मग कोणत्या हाताने, मग अंतर किती होते, मग पुन्हा कोणता गाल. "सलग दुसरी पाळी होती तुमची, झोप अनावर झाली होती." "दुसरा वॉचमन गावाला गेला होता म्हणून चोवीस तास होतो साहेब. पण जागा होतो." "एजन्सीने तुम्हाला त्या साइटवरून हलवलं, तो राग तुम्ही यांच्यावर काढताय." यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हलवलं ते तक्रार केल्यावर." मी ते वाक्य जसेच्या तसे टंकलिखित करून घेतले. जबाब वाचून दाखवल्यावर त्यांनी तो स्वतः पुन्हा वाचला, एकेका ओळीखाली बोट ठेवून, आणि प्रत्येक पानावर सावकाश सही केली.

उलटतपासणी हा कसुरदाराचा, म्हणजे ज्याच्यावर दोषारोप आहे त्या कर्मचाऱ्याचा, हक्क आहे आणि मी तो कधीही आखडता घेणार नाही. पण त्या खोलीतून बाहेर पडताना काकांची समजूत काय झाली असेल? त्यांना कोणी सांगितले नव्हते की चौकशी त्यांची नव्हती. प्रश्न त्यांना विचारले जात होते, शंका त्यांच्यावर घेतली जात होती, घाम त्यांना फुटला होता. तिथून ते भांडुपच्या गोदामावरच्या नव्या पाळीला गेले आणि त्यानंतर कोणताही कागद त्यांच्याकडे आला नाही. म्हणजे इतके महिने आपला खरेपणा तपासाखाली आहे असे मानून तो माणूस जगत होता, आणि त्याचा निकाल लागलेला असूनही तो त्याला कळवणे हे कोणाचेच काम नव्हते.

अंतिम आदेशाची प्रत धारिका बंद करण्यासाठी माझ्याकडे आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे तळाची यादी पाहिली होती. संबंधित अधिकारी, त्यांचे वरिष्ठ, वेतन शाखा, सेवापुस्तक, अभिलेख. तक्रारदार त्यात नव्हता. तो कधीच नसतो, आणि तो नसल्याचे आजवर मला खटकले नव्हते.

माहितीच्या अधिकारात अर्ज करा, असे मी त्यांना सुचवू शकले असते. पण तोही दरवाजा जवळजवळ बंदच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात, कर्मचाऱ्याला दिलेली ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षेचे आदेश ही वैयक्तिक माहिती आहे आणि सेवेतील कामगिरी ही मुख्यतः कर्मचारी व नियोक्ता यांच्यातली बाब आहे, असे म्हटले. व्यापक सार्वजनिक हित दाखवता आले तरच ती मिळू शकते. गोदामावरचा वॉचमन व्यापक सार्वजनिक हित कसे दाखवणार? त्याच्या एका गालाचे हित व्यापक कसे ठरणार? त्या निकालामागचा विचार मला समजतो आणि पुष्कळ अंशी पटतोही. पण ती चापट नियोक्ता आणि कर्मचारी यांच्यात बसलेली नव्हती. सायकली फिरवणारी मुले, दूधवाला, भाजी घेऊन परतणाऱ्या बायका, ज्यांच्यासाठी काका रोज फाटक उघडत त्या सगळ्यांच्या देखत ती बसली होती. अपमान चारचौघांत झाला आणि त्याचे परिमार्जन कपाटातल्या सेवापुस्तकात झाले, हे मला सोसत नाही.

त्या उपनिरीक्षकांची बाजू मी विसरलेले नाही. आदल्या आठवड्यातला त्यांचा बंदोबस्त मी नोंदवहीत पाहिला आहे. देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा आम्हा सगळ्यांना किती आशा वाटली होती, आणि आजही सणासुदीला घरी कधी पोहोचणार हे कोणी सांगू शकत नाही. ऑगस्ट १९८२ मधला मुंबई पोलिसांचा उद्रेक मोडून काढल्यावर आमची संघटनाही गेली. तेव्हापासून शिपायाचे किंवा फौजदाराचे गाऱ्हाणे मांडायला सामूहिक आवाज नाही. म्हणूनच चौकशीशिवाय बडतर्फी होऊ न देणारे संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण, नियमांप्रमाणे होणारी चौकशी, त्यावरचे अपील आणि शेवटी मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, या पायऱ्या मला फार मोलाच्या वाटतात. त्यांच्या घरीही त्या काळात काही चालले होते. ते त्यांनी बचावात मांडले नाही, म्हणून मीही मांडत नाही. थकवा मी समजू शकते. ओळखपत्र काढायला थकवा लागत नाही.

मात्र त्यांच्याकडे जेवढ्या पायऱ्या आहेत त्यातली एकही काकांकडे नाही. ठाण्यात त्यांची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतली गेली, कारण साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे, आणि पुढे न्यायालयात जा असे सांगितले गेले, जे रोजंदारी बुडवून जाणाऱ्या माणसाला सांगणे फार सोपे असते. पोलीस सुधारणांविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंह निकालानंतर आलेले राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, खंडणी अशा भारी प्रकरणांसाठी आहे. राहिली होती ती विभागीय चौकशी. ती झाली, आणि खरी झाली, आणि त्यांना ते ठाऊक नव्हते.

संध्याकाळी मला माझीच कीव आली होती, हे लिहून ठेवते. निष्कर्ष दिल्यापासून कार्यालयातल्या दोघांचे बोलणे कामापुरते उरले आहे. "आपल्याच माणसाचं सेवापुस्तक लाल केलंत" हे मला तोंडावर कोणी म्हटले नाही, पण मी आत गेल्यावर विषय बदलतो तो कळतो. निर्दोष म्हटले असते तर बाहेरच्यांनी सांभाळून घेतले म्हटले असते. एका वर्गमैत्रिणीने आजवर प्रत्येक दिवाळीला फोन केला आहे, यंदा... असो. चौकशी अधिकाऱ्याला कोणी धन्यवाद देत नाही, देऊही नयेत, असे मला प्रशिक्षणातच सांगितले होते आणि ते मी मान्य केले होते. तरीही घरी येताना गाडीत डोळे भरून आले, ते त्या दोघांमुळे नव्हे. ज्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवला त्याला तो विश्वास पोहोचलाच नव्हता, म्हणून आले.

आता रात्री थोडे स्थिर वाटते आहे. कामाचे स्वरूपच असे आहे. आवडनिवड ठेवून ते करता येत नाही, आणि बोलणे बंद करणारी माणसे बदलीनंतर पुन्हा बोलू लागतात, हेही मी पाहिले आहे. त्या दोघांची समजूत घालायला मी जाणार नाही. काकांना दिलेला "हो" मी परत घेणार नाही. तो शिक्षेचा तपशील नव्हता, त्यांच्याच जबाबाविषयीचे सत्य होते, आणि उद्या कोणी खुलासा मागितला तर हेच लेखी देईन.

पण तोंडी उत्तर देऊन भागणार नाही, कारण असे साक्षीदार माझ्यासमोर पुन्हा येतील आणि प्रत्येकाला मी प्रवेशद्वारावर भेटणार नाही. म्हणून एक टिपणी मांडायची आहे. विषय: विभागीय चौकशीतील तक्रारदारास चौकशीच्या फलिताबाबत अवगत करणेबाबत. शिक्षेचा उल्लेख नको, सेवाविषयक तपशील नको, फक्त इतके वाक्य असावे की, "आपल्या तक्रारीवरून करण्यात आलेल्या चौकशीत आपली साक्ष ग्राह्य धरण्यात आली असून दोषारोप सिद्ध झाला आहे." दोष सिद्ध झाला नाही तर तसेही स्वच्छ शब्दांत कळवावे, साक्षीला येऊन सहकार्य केल्याबद्दल आभार मानावेत आणि खाली सक्षम अधिकाऱ्याची सही असावी. टिपणी विधी अधिकाऱ्यांकडे जाईल, तिथून बहुधा "अशी तरतूद नाही" या शेऱ्यासह परत येईल, आणि मग मनाई करणारी तरतूद कोणती ते दाखवावे अशी विनंती करून ती मी पुन्हा पाठवीन.

धारिकेत काकांचा पत्ता सोसायटीच्या फाटकाचाच आहे, समन्स तिथेच बजावले होते. उद्या सकाळी आधी एजन्सीला फोन करून दिव्याच्या खोलीचा पत्ता मागवायचा आहे.