"पगार थोडा कमी दाखवा"

दिवाळीच्या आधीचा आठवडा. आमच्या फराळ केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. बौद्धिक दिव्यांग असलेल्या प्रौढांना आम्ही इथे काम शिकवतो, आणि शिकून झालं की पगारावर घेतो. चिवड्याची पाकिटं भरणं चालू असताना एका मुलीची आई दारात येऊन उभी राहिली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, हिचा पगार कागदावर थोडा कमी दाखवता येईल का?"

मला पटकन बोलताच येईना. हा पगार त्या मुलीनं कसा मिळवलाय ते मी रोज बघत आले होते. तिला डाउन सिंड्रोम आहे. अंक वाचता येत नाहीत. अशा मुलांना सहसा स्टिकर चिकटवायला बसवतात आणि मग वर्षानुवर्षं तेवढंच. तिला मात्र वजनकाट्यावरच बसायचं होतं. मग आम्ही काट्याशेजारी कार्डं लावली: 250, 251, 252, 253. पडद्यावर दिसतात तशाच चौकोनी वळणाचे आकडे. पडदा यातल्या एखाद्या कार्डाशी जुळला की पाकीट पुढे, नाहीतर चिमूट चिमूट घालायचं किंवा काढायचं. हाताच्या पकडीत जोर कमी, म्हणून जाड मुठीचा छोटा डाव आणि पायानं दाबायचं सीलिंग मशीन. टोपी, वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, टायफॉइडची लस, हे सगळं अन्नव्यवसायातल्या इतर कामगारांसारखंच. आता तिनं भरलेलं पाकीट कुणी पुन्हा तोलून बघत नाही.

आईचं म्हणणंही खोटं नव्हतं. संजय गांधी निराधार योजनेतून मुलीला महिन्याला अनुदान मिळतं. दिव्यांगांसाठी ते आता 2500 रुपये झालंय, पण अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत हवं. घर आईच्या धुण्याभांड्यांवर चालतं. उत्पन्नाचा दाखला कसाबसा मर्यादेत बसायचा. त्यात मुलीचा पगार धरला की अनुदान गेलं.

मी म्हटलं, "मावशी, कागदावर कमी दाखवणं मला जमणार नाही. पण हिशोब करू. पगार अनुदानाच्या दुपटीहून जास्त आहे."

"हिशोब मलाही कळतो," त्या म्हणाल्या. "अनुदान हिच्या जन्माला पुरणार. तुमचं केंद्र उद्या बंद पडलं तर? पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा तहसीलच्या चकरा. मी किती वर्षं पुरणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रशिक्षण म्हणजे हाताला काम शिकवणं, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कौशल्य आहे, रोजगार आहे, सामाजिक सुरक्षाही आहे. पण इथे रोजगार हवा तर सुरक्षा सोडा, अशी गाठ पडलेली. निदान पहिली काही वर्षं दिव्यांग व्यक्तीची स्वतःची कमाई कुटुंबाच्या उत्पन्नात धरू नये, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर जी मुलं उत्तम काम शिकतील तीच घरी बसवली जातील.

आमचं बोलणं चालू असताना ती काट्यावरून उठली, हातमोजे काढले आणि आईला म्हणाली, "बोनस कधी ते विचारलंस का?" बोनसचं तिला कुणी सांगितलं मला माहीत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बायका बोलत असणार, आणि तिनं ते नीट ऐकलं होतं. आईला हसू आलं आणि डोळ्यांना पदरही लावला. "दिवाळीपर्यंत येऊ दे. मग बघते," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी विश्वस्तांपुढे विषय काढला. बरीच वादावादी झाली. गॅस आणि तेलाचे दर बघता पैसा कुठून आणायचा हा प्रश्न रास्तच होता. शेवटी ठरलं की दर महिन्याच्या विक्रीतून थोडी रक्कम बाजूला टाकायची, आणि प्रत्येक कामगाराच्या सहा महिन्यांच्या पगाराइतकी ठेव होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. केंद्र बंद पडलंच, तर अनुदान पुन्हा सुरू होईपर्यंत घर चालावं म्हणून. पासबुकाची झेरॉक्स पालकांना दर तिमाहीला द्यायची, हे मी हट्टानं ठरावात घालून घेतलं.

त्या आईनं पहिली झेरॉक्स घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. मुलगी अजून कामावर येते. सध्या तिला चकलीचा सोऱ्या हवाय. पिळायला जड जातो, म्हणून दांड्याचा सोऱ्या कुठे मिळतो ते शोधतोय.