कालवडीची बाटली

आज संध्याकाळी वहिनींनी बाटली धरली आणि कालवड माझ्या हातून पिते तितक्याच ओढीने प्यायली. घडले एवढेच; पण तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

मी गोठ्याच्या दाराशी उभी होते. तिने माझ्याकडे मान वळवूनही पाहिले नाही. शेपटी हलवत, मधूनमधून बाटलीला ढुशा देत ती पीत राहिली. त्या ढुशा माझ्या आहेत, असे मी मनाशी धरून बसले होते. वासरू ढुशी देते ती कासेला, पान्हा लवकर सुटावा म्हणून. हे लहानपणापासून पाहिलेले असूनही आज ते स्वीकारणे मला जड गेले.

तिची आई उठलीच नाही, त्या रात्रीविषयी आज लिहवत नाही. दुसऱ्या गाईचा चीक काढून मी पहिल्या दोन तासांतच तिला पाजला, कारण गर्भात असताना वासराला आईकडून रोगाशी लढण्याची शक्ती मिळत नाही, ती चिकातूनच मिळते आणि २४ तासांनंतर आतडी ती शोषून घेईनाशी होतात. पुढे प्रत्येक वेळी दूध तिच्या अंगाइतके, ३९ अंशांच्या आसपास ऊन करायचे, बाटली उकळत्या पाण्याने धुवायची, हगवण लागली नाही ना ते पाहायचे. एवढे करणारी मी, आणि तिला कोणताही हात चालतो!

हे लिहिताना मात्र वेगळेच मनात येते आहे. ती वहिनींच्या हातून प्यायली नसती तर? मी तापाने पडले असते आणि ती माझी वाट पाहत उपाशी राहिली असती, तर ते मला आवडले असते का? शिवाय वहिनींनी बाटली अगदी नीट धरली होती, फार उंच नाही आणि आडवीही नाही. कालवडीची मान पुढे ताणलेली होती. तशीच ती हवी, म्हणजे दूध कोठीपोटात, गुरांच्या चार पोटांपैकी पहिल्यात, न सांडता थेट चौथ्या पोटात उतरते. वहिनींना हे मी कधी सांगितलेले आठवत नाही. त्या मला पाहत असणार. दादा गेल्यापासून त्या गोठ्यात फारशा येत नव्हत्या, असो.

सकाळची बाटली आता वहिनींनीच द्यावी, असे उद्या त्यांना सांगेन. संध्याकाळची मात्र मी माझ्याकडे मागून घेणार आहे.