सित्लाल्तेपेत्लच्या पायथ्याची आगगाडी

मेक्सिकोचे चित्रकार होसे मारिया वेलास्को (1840–1912) यांनी मेत्लाकची दरी एकापेक्षा अधिक वेळा रंगवली. त्यांपैकी 1897 मधले, मागे सित्लाल्तेपेत्ल हा हिमाच्छादित ज्वालामुखी दिसतो ते चित्र मला विशेष मोलाचे वाटते. यंत्राचा जयजयकार किंवा निसर्गाच्या ऱ्हासाची हळहळ यांपैकी एका टोकाला जाण्याचा मोह त्या शतकातल्या अनेक चित्रकारांना आवरला नाही. वेलास्कोंनी तो आवरला आहे.

चित्राच्या पुढच्या भागात उष्ण, दमट प्रदेशातली दाट झाडी आहे आणि तिथली रुंद पाने इतक्या नेमकेपणाने उतरली आहेत की ती वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाने रंगवली असावीत असे वाटते. ते खरेच आहे. मेक्सिको सिटीतल्या सॅन कार्लोस या कला अकादमीत एउजेनियो लांदेसिओ या इटालियन चित्रकाराच्या हाताखाली शिकलेल्या वेलास्कोंनी वनस्पती, प्राणी आणि खडक यांचा मनापासून अभ्यास केला होता. सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्यावर त्यांनी शोधनिबंध लिहिला आणि त्या कुळातल्या एका जातीला पुढे त्यांचे नावही मिळाले. त्यामुळे त्यांच्या चित्रातला कडा ही नुसती पार्श्वभूमी नसते, तो कोणत्या खडकाचा आहे याचीही त्यांना फिकीर असते.

या रानात डोंगराच्या कडेने धूर सोडत आगगाडी येते. वेराक्रुझ बंदर आणि मेक्सिको सिटी यांना जोडणारा हा लोहमार्ग 1 जानेवारी 1873 रोजी सुरू झाला. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर चढणाऱ्या या मार्गात मेत्लाकची दरी हा अवघड टप्पा होता, आणि तिच्यावरचा वळणदार लोखंडी पूल हे त्या काळी देशाच्या अभिमानाचे स्थळ होते. तरीही वेलास्को गाडीला पुढे आणून मोठी करत नाहीत. जवळच्या पानांपुढे ती इवलीशी दिसते, पण नजर तिच्यावरच जाऊन थांबते.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो धूर. साडेपाच हजार मीटरहून उंच असलेल्या सित्लाल्तेपेत्लचा शेवटचा उद्रेक 1846 मध्ये, वेलास्कोंच्या लहानपणी झाला. चित्रात तो बर्फाखाली शांत आहे. धगधगती आग आहे ती इंजिनाच्या पोटात.

मेक्सिकोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांच्या राजवटीला प्रगतीची अशी दृश्ये हवीच होती, आणि 1889 च्या पॅरिसमधल्या जागतिक प्रदर्शनात मेक्सिकोने वेलास्कोंची चित्रे मोठ्या संख्येने मांडली, हेही विसरता येत नाही. हा मार्ग ज्यांनी कडे फोडून बांधला ते मजूर या चित्रात नाहीत. ही उणीव मला खरोखर खुपते. तरीही याला केवळ सरकारी जाहिरात म्हणणे मला पटत नाही, कारण जाहिरात करणाऱ्याने रुळांपेक्षा पानांच्या शिरांवर अधिक कष्ट घेतले नसते.